पिंपातल्या कोबीचं पान

निश शहरातल्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेल्या बाळंतिणीच्या झग्याच्या गळ्यापाशी कोबीच्या पानाची दोन बोटं कड दिसत होती. पान हिरवं नव्हतं, पिवळसर होतं. सासू बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

"आई, माझ्या अंगाला आंबट वास येतोय."

"येणारच. ठणकत्या छातीवर ताजा कोबी ठेवायचा असतो. तुझ्या नवऱ्याने पिंपातला खारवलेला आणला."

"ताजा संपला म्हणाला."

"बाळाला वाटत असेल, खिमा भरलेल्या कोबीच्या सारमाचं पातेलंच उघडलंय."

"हसवू नका हो, दुखतं."

"मग दुखऱ्या बाजूने पाजू नकोस. गाठीतलं दूध नासतं."

"डॉक्टरीणबाई तर फोनवर म्हणाल्या, त्याच बाजूने पाजत राहा आणि गोळ्या लिहून घ्यायला या."

"त्याला चार दिवस झाले."

"तुम्हीच म्हणालात, चाळीस दिवस उंबरा ओलांडायचा नाही."

"म्हणाले खरी. पण आज दिवस एकोणीस आणि ताप एकोणचाळीस अंश. बेरीज चाळिसाच्या पुढे गेली, म्हणून तर आणलं तुला."

"हा कुठला हिशोब, आई?"

"माझा. आता गोळ्या घे, पण दूध बंद. माझ्या वेळी मी लगेच बंद केलं होतं."

"नेवेना योवानोविच!" नर्सने दारातून हाक मारली.

"चल, आत मीच सांगते त्यांना, बाटली सुरू करतोय म्हणून."

"नाही आई, मी सांगते. गोळ्या घेणार आणि पाजणारही. दोन्ही बाजूंनी."