बाटलीतला बुडबुडा

पाणी-तपासणीच्या रांगेत शिंपीणबाईंच्या पुढे एक म्हातारं जोडपं बाटली धरून उभं होतं.

"आपल्या नळाला काडी लावली की भडका उडतो, तो वायू कंपनी जमिनीखालच्या कोळशातून काढते तो, की आपल्या विहिरीतल्या जंतूंनी केलेला?"

"अहो, कोळशातलाही जंतूच करतात म्हणे."

"मग आपले जंतू कुठले आणि त्यांचे कुठले?"

"तेच तपासतात ना इथे!"

"पण या बाटलीत एक बुडबुडा नाही!"

"कसा असेल? उकळून आणलंय."

"अगं, वायू उडाला की सगळा!"

"लोकांपुढे घाण पाणी कसं ठेवायचं?"

"आता त्यांना काय डोंबल सापडणार?"

"सापडला तर मुलगा घर सोडायला लावणार होता. आता नाही ना लावणार?"

शिंपीणबाईंनी उगाच आपली बाटली हलवून पाहिली.

"काका, पाणी कसं भरलंत?" खिडकीतून आवाज आला.

"थेट नळाखाली धरून," म्हातारा म्हणाला.