प्लंबरमधला बी

नाही, मग ठेवलंच कशाला ते अक्षर तिथं? शोभेला? मी एवढंच विचारलं हो मुलीला, एवढंच! तर म्हणते, "बाबा, तो बी सायलेंट आहे. आहे, पण बोलायचा नाही."

आहे, पण बोलायचा नाही! तुम्हाला सांगतो, तीस वर्षं मी लोकांच्या मोऱ्यांत, सिंकखाली, टाक्यांच्या मागे, जिथं मांजरसुद्धा दोनदा विचार करून शिरेल तिथं शिरून नळ दुरुस्त केले, अख्खी वस्ती मला नळमामा म्हणते, आणि बावन्नाव्या वर्षी मला कळतंय की ज्या धंद्यावर घर चाललं त्या धंद्याचं नावच मी चुकीचं घेत होतो. प्लंबर नाही म्हणे. प्लमर! मधला बी गिळायचा. अहो, मी कुणाच्या पाइपातला वीतभर तुकडा असा गिळला असता तर गिऱ्हाइकानं मला दारात उभं केलं असतं का?

आता तुम्ही म्हणाल, या वयात इंग्रजीची हौस कशाला? हौस कसली हो... गुडघे! डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडाकडे धरला, तोंडानं 'चक्' केलं आणि म्हणाले, "उकिडवं बसणं बंद." बंद! उकिडवं न बसता नळ दुरुस्त करायचा तर नळानंच उठून माझ्याकडे यायला हवं. घरात आठवडाभर सुतक पडल्यासारखं. मग मुलीनं मोबाइलवर जाहिरात शोधली. मोठं हॉटेल, देशोदेशीचे पाहुणे, देखभाल विभागाला सुपरवायझर पाहिजे. खुर्ची, टेबल, गणवेश. हाताखाली माणसं, ती वाकणार, आपण नुसतं 'जरा डावीकडे' म्हणायचं. अट एकच. इंग्रजी बोलता आलं पाहिजे.

मी जाहिरात वाचायला घेतली. म्हटलं, "हे काय गं, शिशाची टीम?" म्हणाली, "शिशाची कुठून आली?" म्हटलं, "हे बघ की, लेड अ टीम. जुन्या पाइपांवर हेच लिहिलेलं असतं. एल, ई, ए, डी. लेड. शिसं." तर कपाळाला हात लावून म्हणते, "बाबा, इथं ते लीड. टीमचं नेतृत्व करणं." अहो, तीच चार अक्षरं! त्याच ओळीनं! एकदा शिसं, एकदा नेतृत्व! कसं ओळखायचं? तर म्हणे, संदर्भावरून. म्हणजे बोलायच्या आधी माणसानं चौकशी करायची की बाबा रे, आज तू शिसं आहेस की पुढारी?

मुलगी आमची शाळेत तिसरीला शिकवते. दिवसभर चाळीस पोरांपुढे घसा फोडून यायची, चहा घ्यायची, आणि मग एक्केचाळिसावा मी. रोज. तीन महिने. "बाबा, तोंड उघडा. बाबा, जीभ दातांत धरा. एवढी नाही, तुटेल." पहिला धडा अंगाचा. अंगठा... थम. शेवटी बी. मी म्हटलं, "हा बी?" म्हणाली, "आहे, पण बोलायचा नाही." गुडघा... नी. सुरुवातीलाच के! म्हटलं, "आणि हा?" म्हणाली, "आहे, पण..." मी म्हटलं, "कळलं!" पण तुम्हीच सांगा, माझा गुडघा उठताना कट्ट, बसताना कट्ट, जिना चढताना तर कटकट कटकट, शेजारच्या खोलीत ऐकू जातं. इतका बोलका गुडघा, आणि इंग्रजीत गप्प बसायचं कुणी, तर गुडघ्यातल्या केनं!

बरं, म्हटलं, नियम सापडला. एमच्या मागे बी आला की गिळायचा. दुसऱ्या दिवशी बायकोला ऐटीत म्हटलं, "त्या गिऱ्हाइकाचा नमर दे." मुलगी आतून ओरडली, "नंबर, बाबा, नंबर! त्यातला बी बोलायचा!" का? प्लमरच्या बीनं काय घोडं मारलंय? एकाला पंगतीत बसवायचं आणि दुसऱ्याला दाराबाहेर उभं करायचं? आणि सांडपाण्याच्या मोठ्या गटाराला काय म्हणायचं माहितीय? सूअर! मी आपला आरशापुढे उभा राहून घोकतोय, "सूअर... सूअर..." तर बायको लाटणं घेऊनच बाहेर आली. "सकाळी सकाळी कुणाला म्हणताय हो?"

एकदा मी वैतागलो. वही मिटली. म्हटलं, "मरू दे तो बी. प्लंबर म्हटलं तर काय आभाळ कोसळतं?" तर पोरगी नुसती पेन्सिलीला टोक काढत बसली. मग म्हणाली, "माझ्या नोकरीच्या मुलाखतीत वडील काय करतात विचारलं होतं. मी प्लंबर म्हटलं. एक बाई हसल्या. इंग्रजी शिकवणार म्हणे, आणि वडिलांचा धंदासुद्धा सांगता येत नाही." चार वर्षं झाली त्याला. मला कधी बोलली नव्हती हो. घरात असंही असतं तर. आहे, पण बोलायचं नाही. मी वही उघडली. म्हटलं, "पुढचा शब्द सांग."

मग काय, सराव. गिऱ्हाइकांवरच. एका इमारतीत गेलो, चौथा मजला, खाली दाराशी इंटरकॉमचं बटण दाबलं. वरून बाईंचा आवाज, "कोण?" म्हटलं, "प्लमर." "कोण?" "प्लमर!" म्हणाल्या, "आम्हाला फळं नकोत!" आणि फोन बंद. पुन्हा दाबलं. "अहो बाई, मी प्लमर, तुम्ही बोलावलंत..." "मी प्लंबर बोलावलाय, इथं पाण्याचा पूर आलाय, आणि तुम्ही प्लम कसले विकताय?" आता आली का पंचाईत! बरोबर बोललो तर दार उघडेना, चूक बोलायला जीभ वळेना. शेवटी जिन्यावरून पाण्याचा ओघळ माझ्या चपलेपर्यंत आला, तेव्हा मी गळा काढून ओरडलो, "प्लं-ब-र!" दार उघडलं. पण तोवर त्यांचा गालिचा पोहत होता.

तर मुलाखत. इस्त्रीचा शर्ट, नवे बूट, खोलीत इतका गारवा की जिभेचा बर्फ झाला. समोर तिघं. मधे मॅनेजरसाहेब, टाय एवढा आवळलेला की चेहरा लाल. एका बाजूला एक साहेब, ते सगळा वेळ घड्याळ बघत होते. दुसऱ्या बाजूला मुख्य कचेरीतून आलेल्या चष्मेवाल्या बाई. साहेब म्हणाले, "टेल अस अबाउट युवरसेल्फ." मी घोकलेलं म्हटलं, "सर, आय अॅम अ प्लमर. थर्टी इयर्स."

साहेब थांबले. "अ व्हॉट?"

"प्लमर, सर."

साहेब हसले, आणि घड्याळवाल्यांकडे वळून मराठीत म्हणाले, "स्वतःच्या धंद्याचं नाव धड घेता येत नाही." मग माझ्याकडे वळून, लहान पोराला सांगतात तसं, "प्लंबर! बी आहे त्यात. बी! से इट. प्लं... बर."

तुम्हाला सांगतो, मी तोंड उघडलंसुद्धा 'येस सर' म्हणायला. गुडघे म्हणत होते, म्हण रे बाबा, म्हणून टाक, खुर्ची आहे पलीकडे. आणि माझ्या डोळ्यांपुढे पोरगी. पेन्सिलीला टोक काढणारी. मी म्हटलं, मराठीतच म्हटलं, "साहेब, बी आहे. पण बोलायचा नाही."

साहेबांचा चेहरा लाल होता तो जांभळा झाला. आणि चष्मेवाल्या बाई... त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाल्या, "ही इज राइट, यू नो." एवढंच. घड्याळवाल्यांनी घड्याळ बघणं थांबवलं. साहेब दोन घोट पाणी प्यायले. मग दात दाखवत म्हणाले, "वा! इतकं चांगलं इंग्रजी? मग यांना नळांपाशी कशाला वाया घालवायचं? फोनवर बसवा. पाहुण्यांच्या तक्रारी हेच घेतील."

नोकरी लागली! घरी सांगितलं तर मुलगी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरत राहिली, धुतलेलीच पुन्हा धुतली. मी तिकडे बघितलं नाही. नाक वर ओढल्याचा आवाज आला तेवढा.

आणि आता? आता मी आहे आणि फोन आहे. सकाळी आठ ते पाच. पृथ्वीच्या पाठीवरचा एकेक नमुना येतो, आणि एकाचं इंग्रजी दुसऱ्यासारखं असेल तर शपथ! मुलीनं शिकवलं तसं तर कुणीच बोलत नाही. एक आजोबा रोज ओरडतात, "वाता! वाता!" मी म्हटलं, "आजोबा, वात मलाही आहे, सांभाळून घ्या." तर त्यांना पाणी हवं होतं. एक बाई म्हणाल्या, "आय सिंक, द शॉवर इज लीकिंग." मी माणूस पाठवला, त्यानं बिचाऱ्यानं अर्धा तास सिंक उघडून तपासलं, आणि तिकडे शॉवरनं खोली भरली. नंतर कळलं, बाईंना 'थिंक' म्हणायचं होतं. जीभ दातांत धरली नव्हती! मॅनेजरसाहेब दारातून डोकावतात, गोड हसतात. "काय मामा, कसं चाललंय?" मी पण हसतो. करणार काय?

गुडघे ठणठणीत आहेत हो, खोटं कशाला बोलू. परवा त्याच डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी विचारलं, "आता काय?"

म्हटलं, "कान."