वर्गातला एकच नंबर

(सकाळ. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बहीण कंडोमच्या मशीनचा ट्रे पुसते आहे. भावाच्या कॉलेजात फुकट पाकिटं देणारं ते मशीन भरण्याचं काम तिचं.)

ताई : महिनाभरात सातच पाकिटं गेली. दोन हजार पोरं आहेत तुमच्याकडे. खरं सांग, अडतंय कुठे?

धाकटा : मला काय विचारतेस? मी काय त्यांचा पुढारी आहे?

ताई : शेवटच्या वर्षाला आहेस, एकवीस वर्षांचा घोडा झालायस. तुला नाही तर कुणाला विचारू?

धाकटा : पोरं म्हणतात, फुकट वाटतायत म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. कुणी म्हणतं, टाचणी टोचलेली असते.

ताई : माझ्या हातांनी भरते मी. टाचण्या टोचत बसायला वेळ आहे का मला?

धाकटा : बटण दाबलं की घरघर अख्ख्या जिन्यात ऐकू येते. वर ओळखपत्राचा नंबर टाका.

ताई : एकानेच पन्नास नेऊ नयेत म्हणून आहे तो. नाव कुणाला दिसत नाही.

धाकटा : कुणालाच?

ताई : कुणालाच. उगाच घाबरता. तुमच्या वर्गातून तर एकच गेलं.

धाकटा : वर्ग कसा कळला तुला?

ताई : नंबरावरून वर्ग कळतो रे. नाव नाही.

धाकटा : शेवटचे दोन आकडे हजेरीचे असतात, ताई. आमच्यातलं कुणीही बघून नाव सांगेल. आणि तू मुद्दाम बघितलंस.

ताई : बघितलं. तुझ्या त्या मैत्रिणीचा फोन आला की तू गच्चीवर पळतोस. तुझा नंबर दिसेल म्हणून दर आठवड्याला शोधत होते. दिसेना, तेव्हा काळजीच लागली मला.

धाकटा : माझा कसा दिसेल? मी दोनदा मशीनसमोरून नुसताच चालत पुढे गेलो. मग तीच गेली.

ताई : म्हणजे तो नंबर...

धाकटा : तिचा. घरी कळलं तर कॉलेज सुटेल तिचं. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, तुझ्या ताईचं मशीन आहे, काय होतंय.

ताई : माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही. शपथ.

धाकटा : तुझ्या तोंडून नाही गं. मशीनमधली ती नंबरांची यादी पुढे कुठे जाते?

ताई : कॉलेजच्या ऑफिसात. परवाच दिली.

धाकटा : तिथे कोण वाचतं?

ताई : मी कधी विचारलंच नाही.