फुकटचा कापूस

इथंच जलमली मी ताई, ह्याच घरात. जामच्या चौकावरून आत येनारा जो रस्ता, ज्यानं तुमी आल्या, तो तव्हा नव्हता, चिखल तुडवत जावं लागे. आता दिवसभर मोठ्या रोडाच्या गाड्यांचा आवाज येते, त्याची बी सवय होते मानसाले. अन ही जे खाटेवर उन्हात बसली, ते माही माय. तुमी नमस्कार केला तं तिनं हात जोडले, पन वळखून नाई बरं, कोनी बी आलं तं जोडते. बसा, पन अशा इकडून बसा, तिचं ऊन अडवू नका, ऊन हटलं का कुरकुर करते.

लगन झालं अन मी आर्वीकडं गेली. जिल्हा एकच हाये, पन तिथून वर्धेले या, वर्धेवरून जामची गाडी पाहा, जामले उतरून मंग आत या, पुरा दिवस जाते. घर चांगलं भेटलं मले. काळं वावर, इहिरीले पानी, खाऊनपिऊन बरं. मानूस बी वाईट नाई, पमाचे बाबा, पमा म्हंजे माही पोरगी, ते आता तिच्या सासरी हाये. दारू नाई, हात उचलला नाई कधी. मी खोटं काऊन बोलू. फक्त एक खोड हाये त्यायले, कापूस सोडवत नाई.

आता हे तुमाले सांगितल्याबिगर समजनार नाई. कापसाच्या पहिल्या वेच्याले आमी सीतादही करतो. धुऱ्यावर, म्हंजे बांधावर, गोटे मांडाचे, हळदकुकू लावाचं, दहीभाताचा निवद ठेवाचा, थोडासा कापूस वाहाचा अन मंग कमरेले ओटी बांधून पहिलं बोंड वेचाचं. सासूनं शिकवलं मले. नवीन होती मी, तोंडाळ बी होती, म्हटलं, आत्याबाई, शेवटच्या वेच्याले काय करते? हासली बुढी. म्हने, शेवटच्याले काई नसते व, तो आपल्या मनानंच सरते. सरते कुठं बाप्पा. सुरवातीची पूजा करून ठेवली लोकायनं, थांबाचं कव्हा हे कोनीच सांगून नाई ठेवलं. साऱ्या जिंदगीचा घोळ तिथंच हाये, मले विचाराल तं.

पहिल्या वेच्यात ओटी कव्हा भरली समजतच नाई. पांढरं फक वावर, दोन्ही हातानं ओढा, गोठी करत करत, हासत खिदळत, झाडाखाली जाऊन ओटी रिकामी करा, परत या. दुसऱ्यात बी बरं असते. तिसऱ्यात एका झाडाले पाच बोंडं अन दहा काटकं. अन त्याच्यानंतरचं जे असते, फरदड म्हनतो आमी, म्हंजे पऱ्हाटी, कापसाचं झाड, उपटाची नाई, पानी सोडाचं, पुन्हा पालवते, पुन्हा बोंड धरते, त्याच्यात तं अळीच जास्त, पिवळी कवडी, म्हंजे किडका कापूस, निंघते, बोटायले टरफलं टोचते, रक्त निंघते, अन दिवस बुडते तरी ओटी भरत नाई. ओटी कमी कमी होत जाते ताई. दिवस मातर तेवढाच लागते. पाठ तेवढीच दुखते, उलट जास्तच. हे काई शिकल्यासवरल्याचं काम नाई, वेचनारीच्या कमरेले माहीत असते हे.

पन पमाचे बाबा म्हनत, अवं बीज घ्या लागत नाई, पेरा लागत नाई, निंदा लागत नाई, फुकटचा कापूस हाये तो, सोडाचा कायले? फुकटचा! अजून एक वेचा होते म्हने, भाव बी वाढन तवापर्यंत. एक झाला का, अजून एक. माही जाऊ मंदा, आमच्या धुऱ्याले धुरा, ते टायमावर पऱ्हाटी उपटून हरभरा टाके. तिच्या वावरात हिरवे घाटे लागत अन इकडं मी काट्यायमंधी वाकलेली. इहिरीचं पानी एकच, फरदडीले सोडलं तं हरभऱ्याले कुठून येईन? संक्रांतीले मंदा वाणाचं सामान बांधून माहेरी जाये, धुऱ्यावरून आवाज देये, बेबी, नाई येत काय व आर्वीपर्यंत संगं? मी म्हनो, वेचा सरला का जातो. हासत जाये ते. हासन नाई तं काय करन.

अन इकडं मायचा फोन. पहिले चिठ्ठी येये, मंग शेजारच्या घरी फोन, मंग भावानं मोबाईल घेतला. माय एकच विचारे, कव्हा येतं व बेबी? मी म्हनो, माय, वेचा सरला का येतो. दरसाल हेच. वेचा सरता सरता उन्हाळा लागे, लगनसराई लागे, मंग वावर साफ कराचं, मंग पेरनी. गेली नाई असं नाई, कोनाच्या लगनाले, कोनाच्या तेरवीले, येऊन जाऊन. पन संक्रांतीचे आठ दिवस मायजवळ निवांत बसाचं, तिच्या हातची भाकर खाची, ते राहूनच गेलं. ते कोनत्याच हिशेबात नव्हतं ना. वावरातून कापूस घरी येये तो दिसे, मी कुठं नाई गेली ते कोनाले दिसन?

मांगच्या वर्षी भाऊ म्हने, बाई, माय विसरून राह्यली. दूध गॅसवर ठेवते अन अंगनात जाऊन बसते. लेकरायचे नावं चुकवते. अन ह्या वर्षी, तिसरा वेचा झालताच, त्याचा फोन आला, बाई, ये व आता. तुहं नाव घेते अजून, चेहरे ध्यानातून जाऊन राह्यले तिच्या. त्याच दिवशी संध्याकाळी पमाच्या बाबाले सांगितलं तं म्हने, जाजो ना, कोन नाई म्हनते, पऱ्हाटी मस्त पालवली हाये, एक वेचा होऊन जाऊ दे. आठ-दहा दिवसाची गोठ हाये.

म्या म्हटलं, मजूर लावा.

म्हने, पागल झाली काय? फरदडीले मजूर लावून परवडते काय?

मंग मले लावून कसं परवडते हो?

असं निंघून गेलं ताई माह्या तोंडातून. भांडून नाई बोलली मी, थकली होती, भांडाचं त्रानच नव्हतं. ते पंखा पाहत बसले, थंडीच्या दिवसात, बंद पंखा. घर की मुर्गी दाल बराबर म्हनते ना, तसं होतं ते, पन त्यायच्या कधी ध्यानातच नव्हतं आलं, हे मी त्यायच्या तोंडाकडं पाहून समजली. मले त्यायचा राग बी नाई आला, कीव आली, त्यायची बी अन माही बी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंग धुतलं, भात लावला, दही घेतलं, अन वावरात गेली. धुऱ्यावर गोटे मांडले, हळदकुकू लावलं, निवद ठेवला. बोंडं फुटून राह्यली होती झाडायवर, थोडीथोडी. मी हात नाई लावला. ते मांगून आले, म्हने, हे काय करून राह्यली, सीतादही तं झालं दसऱ्याले. म्या म्हटलं, ते कामाले लागाचं होतं, हे कामावरून उठाचं हाये. वेचा सरला. ते म्हने, असं कुठं असते काय व? म्या म्हटलं, नव्हतं. आता हाये. अन लुगडं बदलून बसस्टँडवर गेली.

जामच्या चौकात भाऊ उभा होता गाडी घेऊन. घरी आली, माय इथंच बसली होती, अशीच. म्या पाय धरले. तिनं माह्या डोक्यावरून हात फिरवला, लय वेळ पाहत राह्यली, अन मंग माह्या भावजयीले विचारते, ही कोन पावनी व? भावजय म्हने, अवं माय, बेबी आली, बेबी. तं माय हासली, जशी लहान लेकराच्या चुकीले हासते तशी, अन मलेच समजावून सांगते, नाई बाई, बेबी नाई येत आता. तिचा वेचा चालू हाये. वेचा सरला का येते ते.

काय सांगू तुमाले. माहा चेहरा गेला तिच्या ध्यानातून, माहा आवाज गेला, अन हेच तेवढं राह्यलं. तिथंच बसली मी ह्या खाटेच्या पायाजवळ, अन भावजय पानी घेऊन आली तरी उठली नाई. रडली, हो रडली, खोटं काऊन सांगू.

आता राहून राह्यली इथंच. तिले आंघोळ घालतो, भाकर कुस्करून चारतो, येनी घालतो. एक डाव येनी घालताना केस ओढल्या गेले तं म्हने, हळू व बेबी. हळू व बेबी म्हने! येनी तशीच सोडून मी समोर आली तं पुन्हा मी पावनी. तेवढंच झालं, पुन्हा नाई झालं. त्याच्याचसाठी मी रोज येनी घालतो, म्हनतो, आज म्हनन, आज नाई तं उद्या. अजून एक दिवस राहू, अजून एक दिवस. तुमी हासाल, पन ही बी फरदडच हाये माही. पमाच्या बाबाले मी बोलली, अन इथं मी बी तेच करून राह्यली, बोंड फुटन म्हनून पानी सोडून बसली. समजते मले. फरक एवढाच का ह्याच्यापायी काय सोडून आली ते मले पक्कं माहीत हाये, अन मी ते फुकट म्हनत नाई.

परवा त्यायचा फोन आलता. म्हने, दिवसभर वेचलं, ओटी नाई भरली. म्या म्हटलं, कंबर कशी हाये? म्हने, गेली. मंग म्हने, भावाले, मंदाच्या नवऱ्याले, बोलावलं हाये, पऱ्हाटी उपटतो. आता हरभरा होते का नाई देव जाने, टाईम तं निंघून गेला, गुरायपुरती वैरन तरी पेरतो. तू राह्य. तू राह्य म्हने. ऐकाले बरं वाटलं, थोडं उशिरानं वाटलं, पन वाटलं.

घ्या च्या, थंडा होते. तुमची माय हाये काय ताई? असन तं जात जाजा, काम कुठं पळून जाते. थांबा, हे पाहा आता ऊन कोपऱ्यात गेलं, तिची खाट सरकवा लागन, धरता काय जरा तिकडून? हां. आता पाहा, ऊन आलं का मंग विचारते, रोजचंच हाये. पाहा, विचारलं. ऐकलं ना तुमी? बेबीचा वेचा सरला काय व बाई, म्हने.

सरला माय. सरला. निंघाली ते तिकडून.