ऐंशीपर्यंतचा हिशोब

आमच्या म्हातारीपुढं भलेभले सल्लागार गार पडतेत, ऐका. मी पुढच्या वर्षी शाळेतून रिटायर होणार, म्हणून धाराशिवच्या एका सल्लागाराला घरी बोलावलं. पोरगा हुशार. टॅक्स कसा वाचवायचा, पैसा कुठं ठेवायचा, सगळं लॅपटॉपवर दाखवलं. मग म्हणाला, "सर, तुमचं आयुष्य ऐंशी वर्षं धरलंय. तोवर पैसा आरामात पुरतो."

बाजूला आई शेंगा फोडत बसलेली. रझाकाराच्या टायमाला ती शेळ्या राखायची, म्हणजे ऐंशी तिनं कधीच ओलांडली. तिनं विचारलं, "ऐंशीनंतर काय व्हतंय रं?"

पोरगं गडबडलं. "काही नाही आजी, हिशोब तिथं संपतो."

"माझा कुठं संपलाय? आन माझ्या लेकराचं मरण धरणारा तू कोण? शंभर धर!"

त्यानं गुपचूप शंभर टाकले, आकडे बघितले आणि पडेल आवाजात मला म्हणाला, "सर, मग तुम्हाला रिटायर होता येत नाही."

"मग नगं व्हऊस की," आई म्हणाली. "म्या झाले का?" आणि शेंगांचं सूप माझ्यापुढं सरकवलं. "घे, फोड."