गोष्टीतली मावशी

— नाही नाही नाही, अख्खं नको! द्या ते इकडे. आधी द्या, मग रागवा माझ्यावर. अहो, द्राक्ष आहे ते, आणि याचा घसा केवढा? तुमच्या करंगळीएवढा. तिथं द्राक्ष जाऊन बसलं की बाटलीला बूच बसल्यासारखं — हं, आता बघा, आडवं नाही कापायचं, उभं, चार फोडी, बी असेल तर काढून. कात्रीला हात नका लावू हो, ती कापडाची आहे — त्या खणात सुरी आहे बघा, डब्याशेजारी — हां, तीच. असं. आता द्या खुशाल. मी ओरडले त्याचं वाईट वाटून घेऊ नका, माझा आवाजच तसा, दिवसभर मशीनच्या वर बोलायची सवय. तुमची पँट घेतलीच आहे मी हातात, मशीनवर नाही घालत, हातानं तुरपाई करते, ऑफिसात घालायची म्हणजे टाका दिसायला नको. बसा तोवर. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लंगडा आहे — खुर्चीवर बसा, ती कापडं ढकला खाली.

किती महिन्यांचा? आठ? आणि बसतोय कसा बघा, आधार नको की काही नको, जसा काही दुकान याच्याच नावावर आहे. मग त्याला चमचा कशाला दाखवताय? मघापासून बघतेय मी, तुम्ही विमान आणताय, मोटार आणताय, आणि हा आपला तोंड फिरवतोय — भूक नाही म्हणून नव्हे हो, त्याला स्वतःला खायचंय! सोमवारपासून कामावर जाणार म्हणता, तर विमान कोण उडवणार मग? हात दिलेत ना त्याला देवानं. सांडेल? सांडेलच. भिंतीला लागेल, केसात जाईल, कानात जाईल, एकदा तर — जाऊ दे. खाली जुनी चादर टाकायची आणि आपण गप्प बसायचं. हे गप्प बसणंच जमत नाही कुणाला.

थांबा, माझ्या डब्यात रताळं आहे उकडलेलं. मीठ नाही घातलेलं, मी तसंच खाते. देऊ? तुम्ही हो म्हणाल तरच देते. घे रे राजा. बघा कसं धरलं! लांब फोड द्यायची, आपल्या बोटाएवढी, म्हणजे मुठीत अर्धी राहते आणि अर्धी वर येते — याला चिमटीनं उचलणं कुठलं जमायला एवढ्यात. आणि मऊ किती, तर आपल्या अंगठ्यात आणि बोटात धरून दाबली की चेपली पाहिजे. चेपत नसेल तर द्यायची नाही, संपला विषय. गाजर वाफवून, भोपळा वाफवून, फुलकोबीचा तुरा — त्याला दांडा असतो ना, पोरं दांडा धरतात आणि झाड खातात. केळं द्यायचं तर खालची साल तशीच ठेवायची, धुऊन, नाहीतर हातातून निसटतं माशासारखं. सफरचंद कच्चं कधी नाही, शिजवून. अंडं पुरतं उकडून, लांब पट्ट्या. कोंबडी खात असाल तर रेषा रेषा काढून, नाहीतर मसूर घट्ट शिजवून त्याचे चपटे गोळे — या वयात रक्त वाढायला हवं, नुसत्या दुधावर किती दिवस? मध नाही, मीठ नाही, साखर नाही, अख्खा दाणा कुठलाच नाही. आणि —

अहो, घाबरू नका! पाठ नका थोपटू, हात काढा. खोकतोय ना? लाल झालाय ना? आवाज येतोय ना? मग तो आपला आपण करतोय, जास्त आत गेलेलं पुढं आणतोय. बघा — आलं. आणि परत खायला लागला, निर्लज्ज. आवाज येतोय तोवर भ्यायचं नाही. आवाज थांबला की भ्यायचं. गुदमरणारं पोर ओरडत नाही, बाई. अगदी गप्प होतं. शेजारच्या खोलीत कळतसुद्धा नाही.

मला? मला मूलबाळ नाही. लग्नच नाही. माहीत आहे — असंच, बहिणीचा मुलगा होता. म्हणजे आहे. चांगला धावतो आता, शाळेत जायला लागेल. मी भोपळ्या म्हणायचे त्याला, इतका गोल, आणि भोपळाच आवडायचा वर. जवळजवळ वर्षभर मीच होते त्याच्याजवळ. धाकटी तेव्हा शिकत होती, लहान मुलांच्या आहाराचंच. ती वाचून यायची, मी शिजवायचे, तो खायचा. ती सांगायची, ताई, आज लोह बघू. मी म्हणायचे, लोह बघू पण आधी त्याचं नाक पूस. हसायचो काय आम्ही दोघी! हुशार आहे हो ती, उगाच नाही म्हणत मी. आई गेली तेव्हापासून तिच्या वेण्यासुद्धा मीच घालायचे. माय मरो आणि मावशी जगो म्हणतात ना — तशी होते मी, दोघांनाही.

काय म्हणालात?

नाही, ऐकलं मी. तुम्ही जाऊन आलात म्हणता. द्राक्षाचं माहीत होतं तुम्हाला, घाईत विसरलात. मागच्या महिन्यात, शाळेच्या हॉलमध्ये — त्या बाई आल्या होत्या, पडद्यावर चित्रं दाखवतात त्या. हो. हो, छान बोलतात. आणि गोष्ट सांगितली त्यांनी? कुठली? — नाही, मला नाही माहीत, सांगा की तुम्ही. हात चालू आहे माझा, सांगा. — बहिणीची. सख्ख्या मोठ्या बहिणीची. बरं. — प्रेम फार, पण लक्ष नाही. बरं. — फोनवर बोलत होती? मावशी फोनवर बोलत होती, असं म्हणाल्या? आणि बोलता बोलता द्राक्ष दिलं, न बघता?

हे नवीन आहे. फोन नव्हता आधी. मी ऐकली तेव्हा नव्हता. अगं, मला फोन तरी कुठं होता तेव्हा! हा मशीनवर ठेवलेला पण धाकटीचाच, तिनं नवा घेतला तेव्हा दिलेला — तू म्हटलं तर चालेल ना गं? माझ्यापेक्षा लहानच आहेस. ऐक. आता ऐकच. ती मावशी मी आहे. आणि द्राक्ष मी नाही दिलं.

मी स्वयंपाकघरात होते. गाजर वाफवायला ठेवलं होतं, त्याचंच. धाकटी बाहेरच्या खोलीत फोनवर, कुठल्यातरी कामासाठी बोलावलं होतं तिला, पहिलंच काम, खुशीत होती. तो मागे किरकिरत होता. ऐकू येत होतं मला, किरकिर, किरकिर — आणि मग नाही. बरं वाटलं मला क्षणभर, गप्प झाला म्हणून. एवढंच बोचतं अजून, की बरं वाटलं. आणि मग लक्षात आलं, ही शांतता बरी नव्हे. धावले. खुर्चीत बसलेला, तोंड उघडं, डोळे एवढे, ओठ निळे पडत चाललेले, आणि आवाज नाही. पुढ्यात द्राक्षांची वाटी. धाकटी पाठमोरी, खिडकीशी, अजून बोलतेय — हो मॅडम, नक्की मॅडम. मी उचलला त्याला, हातावर पालथा घातला, डोकं खाली, आणि दोन खांद्यांच्या मधे तळहातानं मारलं, मारलं, मारलं — तिनंच शिकवलं होतं मला ते, बाहुलीवर, तिच्या पुस्तकात बघून. ते खोटं नाही बोलणार मी. उडालं बाहेर, अख्खं, दातसुद्धा न लागलेलं. मग रडला. आयुष्यात इतकं गोड रडणं ऐकलं नाही मी.

तेवढ्यात तिच्या सासूबाई आल्या आतून. आणि मागे नवरा. कुणी दिलं? कुणी दिलं हे? — आता त्या घराची गोष्ट तुला कशी सांगू. त्यांना तिचं शिकणं आधीच नको होतं. पोर बहिणीवर टाकून मिरवते, रोजचं होतं. तिच्याकडे बघितलं मी. भिंतीसारखी पांढरी. फोन अजून हातात, पलीकडून कुणी हॅलो हॅलो करतंय. मला कळलं, आता ही बोलली की संपलं हिचं सगळं, उद्यापासून ही घरात. तर मी म्हटलं, मी दिलं.

तिनं नाही गं सांगितलं मला. मीच म्हटलं. एवढे दोन शब्द. काय जाणार होतं माझं? मी शिवणकाम करणारी, माझ्या अब्रूला कोण विचारतंय. नंतर स्वयंपाकघरात गळ्यात पडून रडली — ताई, सात जन्म फेडू शकणार नाही. म्हटलं, फेडू नकोस, भांडी घास. हसली. मला वाटलं, झालं. मिटलं.

मिटतंय कुठलं! सासूबाई म्हणाल्या, हिच्याजवळ एकटं ठेवायचं नाही पोराला. बरोबरच होतं त्यांचं, त्यांना काय माहीत. मी धाकटीकडे बघितलं — ती ताटलीतलं खात होती, मान खाली घालून. म्हटलं, थोडे दिवस, मग सांगेल ती, हळूच, निदान नवऱ्याला तरी. आधी मी रोज जायचे, मग रविवारी, मग — ताई, या रविवारी पाहुणे आहेत. पोरानं मला बघून हात पसरले की कुणीतरी मधे यायचं, अगदी हसत हसत. मी धरायच्या आत.

आणि मग तिनं हे कार्यक्रम सुरू केले. मला म्हणाली, ताई, डबे करून देशील? बायकांना दाखवायला — गाजर, भोपळा, अंड्याच्या पट्ट्या, तुझ्यासारखं कुणाला जमत नाही. किती आनंद झाला म्हणून सांगू! पहाटे उठून केलं सगळं. मागच्या रांगेत बसले, डबे मांडीवर. काय सुरेख बोलत होती! आणि मग म्हणाली, आता माझ्या घरातली एक गोष्ट सांगते. माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीची. आणि सांगायला लागली. बरोबर तिथं आवाज कापला तिचा, जिथं पोर निळं पडतं. बायका डोळे पुसत होत्या. मीपण पुसत होते, वेड्यासारखी, त्या पोराच्या काळजीनं — आणि मग कळलं, अरे, ही तर माझी गोष्ट. माझ्या पोराची. आणि मारून द्राक्ष काढलं कुणी? तर आईनं. धावत येऊन, आईनं.

नंतर एक बाई डब्यातलं गाजर घेता घेता म्हणाली, तुम्ही कोण त्यांच्या? म्हटलं, डबेवाली.

धाकटीला विचारलं ना! सोडीन मी? तिथंच, मागच्या बोळात, खुर्च्या रचून ठेवल्या होत्या तिथं. म्हटलं, हे काय केलंस? तर म्हणाली, नाव घेतलं का मी तुझं? लोकांना नुसती माहिती नको असते ताई, गोष्ट लागते. अगं, यानं दहा पोरं वाचतील. खरंय, वाचतीलही. म्हटलं, मग तुझी सांग की, आईची सांग, जास्त लक्षात राहील. तर रचलेली खुर्ची उगाच सारखी करत राहिली. आणि मग म्हणाली — हळू, रागानं नाही हं, अगदी समजुतीनं — पण तूच म्हणाली होतीस ना ताई, मी दिलं म्हणून? सगळ्यांसमोर? आणि खरं सांगू, म्हणाली, आता मला नक्की आठवतच नाही, कुणी दिलं ते.

आठवत नाही! माझा खोटेपणा मी तिला पांघरायला दिला होता गं, थंडीपुरता. तिनं तो कापून, बेतून, माझ्याच मापाचा शिवला आणि मला घातला. चोरानं चोरी केली तर ओरडता येतं. दिलेली वस्तू माणसानं कशी मागावी, सांग. आणि आता फोनसुद्धा माझ्या हातात दिला तिनं. पुढच्या वेळी काय, मी झोपले होते म्हणेल? आणि ते पोर मोठं होईल, त्याला हीच गोष्ट सांगतील — तुझी मावशी ना, तिच्यामुळं —

झाली तुझी पँट. हा दोरा तोडते फक्त.

काय झालं? रडत तर नव्हता तो. मग असा छातीशी का घेतलास? रताळं — रताळं का काढून घेतलंस त्याच्या मुठीतून? खात होता की चांगला, मघापासून, तुझ्यासमोर, तुला विचारून दिलं मी. नाही, उशीर होतोय म्हणतेस, ते ठीक आहे, पण त्याचा हात — पुसताय कशाला एवढा? काही लागलं नाहीये त्याला. उकडलेलं रताळं आहे.

बरं.

बरं, पुसा. नीट पुसा. ही तुमची पँट. घडी तुमची तुम्ही घाला. नाही, बोलू नका काही, कळलं मला. बाहेर पायरी आहे, सांभाळून उतरा, पोर कडेवर आहे तुमच्या. आणि जाताना तेवढं दार ओढून घ्या.