एक वीत, चार बोटं

...आता पेटीचा काय दोष, तुम्हीच सांगा. पत्र्याची साधी पेटी, दुबईहून गावी जाणाऱ्या सगळ्यांकडे असते तशी, आणि बंदूक तिच्यात तिरपी घातली तरी एक वीत चार बोटं बाहेर. शहाणा माणूस काय करतो? मोठी पेटी बघतो. मी काय केलं? बंदूक कापली.

तुम्हाला सांगतो, माझा भाऊ जमाल, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, इथे दुबईतच, देऱ्यात, एका अरब व्यापाऱ्याच्या गोदामावर रखवालदार. मला इथे त्यानेच आणलं, आणि पहिल्या दिवसापासून त्याचं एकच पालुपद, "शौकत, आधी विचारावं, मग हात लावावा." स्टोव्हला हात लावला, तेच. मालकाच्या ससाण्याला हात लावला... हा व्रण बघा... तेव्हाही तेच.

गेल्या महिन्यात ताप आला त्याला. मी म्हणत होतो उतरेल, उद्या उतरेल. चौथ्या दिवशी माती देऊन आलो.

मग गावाहून अब्बांचं पत्र. "जमालची बंदूक घेऊन ये. डुकरं भात ठेवत नाहीत. लायसन झालं आहे." बस, एवढंच. बंदूक मालकाने खूष होऊन भायला दिलेली, आपोआप भरणारी, एक बार काढला की पुढचं काडतूस स्वतःच वर येतं. आणि लायसनसाठी अब्बांनी चार वर्षं कचेरीत खेटे घातलेले. मुलगा तर आता येणार नाही, मुलाची बंदूक तरी. दुसरं काही मागितलं नाही हो त्या माणसाने.

म्हटलं, चालते का बघू. काडतुसं घालायला गेलो तर आत तीनच जातात. पाच जायला हवीत ना? म्हटलं बिघडली. पुढचं बूच पान्याने फिरवलं, तर नळीखालच्या नळीत लाकडाची दांडी. कुणी घातली असेल? कशाला घातली असेल? मी विचारलं कुणाला? दांडी काढली, बूच घट्ट केलं, पाच काडतुसं गेली, मी खूष. तेवढ्यात मैमुनाबी आल्या, भायच्या मालकाकडे स्वयंपाक करतात त्या, सांत्वनाला. स्टोव्हमध्ये तेल नव्हतं. तीन दगड मांडले, दांडी फोडून जाळली, चहा केला. म्हणाल्या, "चहा छान झालाय हो, शौकत." मी म्हटलं, "लाकूड चांगलं होतं."

मग पेटी. बंदूक घेऊन गेलो नूरुद्दीन मिस्त्रीच्या वर्कशॉपला. म्हातारा चष्मा कपाळावर सारून म्हणतो, "कुणाला विचारलंस का, बाबा?"

"माझ्या भावाची आहे. विचारायचं कुणाला?"

"तरी पण..."

"यल्ला, चला, कापा."

आधी विचारावं, मग हात लावावा. करवत नळीवर असताना कानात वाजत होतं, अल्लाशप्पथ. मला वाटलं, आठवण येतेय.

स्टीमर शुक्रवारी. बुधवारी अब्र्यात, त्या छोट्या होडीत, बसून खाडी ओलांडली आणि बंदूक गावी न्यायचे कागद करणाऱ्या ऑफिसात गेलो. तिथे कमरुद्दीनचाचा, आपल्या म्हसळ्याचे. भायचं नाव ऐकून उठले. कपाट उघडून एक कागद काढला. "जमालने दोन महिन्यांपूर्वीच अर्ज दिलाय. मंजूर आहे. तू फक्त बंदूक दाखव, मी शिक्का मारतो."

भायचं अक्षर हो. त्याचं ते टपोरं अक्षर.

मी बंदूक टेबलावर ठेवली. चाचा एकदा बंदुकीकडे बघतात, एकदा कागदाकडे. वाचायला लागले. "आत सागवानी खुंटी, स्वतः तासून बसवलेली, तीनपेक्षा जास्त काडतुसं जाणार नाहीत अशी." मान वर. "खुंटी कुठे?"

काय सांगू? मैमुनाबींच्या पोटात?

"खुंटी असती तर ही भात राखायची बंदूक. खुंटी नाही, ही कायद्याच्या दुसऱ्या खान्यात, मनाईच्या हत्यारांत गेली. आणि नळी आखूड केलीस, आता ही सदऱ्याखाली लपवून न्यायची झाली. बंदूक तीच रे, पण कायदा हिला ओळखत नाही. या खान्यापुढे माझा शिक्का चालत नाही, शौकत."

"नवी खुंटी तासतो, चाचा. नळी परत जोडून आणतो."

"जोडलेली नळी? ती तुझ्या अब्बांच्या तोंडावर फुटेल."

"पण चाचा, पेटीत बसत नव्हती."

चाचांनी पुढचं बूच फिरवलं, तेच, मी पान्याने उघडलेलं. खटका मागे ओढला, आणि नळी हातात आली. आख्खी. बंदुकीचे दोन तुकडे, शेजारी शेजारी. "अशी बसते," म्हणाले.

म्हणजे बघा, भायने सगळं करून ठेवलं होतं. खुंटी तासली, अर्ज लिहिला, मंजूर करून घेतला. मला फक्त हात लावायचा नव्हता. तेवढं एकच काम होतं माझ्याकडे.

बंदूक तिथेच जमा झाली. मी अर्ज मागून घेतला, चाचांनी दिला. सदऱ्याच्या खिशात आहे, घडी घालून. अब्बांना देईन. गावी लायसन भिंतीवर, अर्ज त्याच्या शेजारी, बंदूक दुबईत, आणि डुकरं शेतात.

यंदा भात मीच राखणार, पत्र्याचा डबा वाजवून. डबा घेतलाय इथूनच, मोठा, तुपाचा, आवाज चांगला आहे. पेटीत घालण्याआधी चाचांकडे घेऊन गेलो, समोर ठेवला, म्हटलं, हा कुठल्या खान्यात बसतो? म्हणाले, कुठल्याच नाही, जा घेऊन.

तेव्हा कुठे हात लावला.